पुरस्कारासाठी माणूस शोधत बीडला

बीडहून परत आल्यापासून आमच्या चिपळूणच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर शालींची चळत पडून आहे. आमच्या दमट हवेत शाल पांघरायला वर्षातून दोन दिवस मिळाले तर नशीब, तेही ताप आला तर. शिवाय नारळ. माझ्या परसात माड आहेत, पाडायला माणूस मिळत नाही म्हणून नारळ आपले आपण पडतात आणि आम्ही डोकं सांभाळत फिरतो. अशा घरात मी मराठवाड्यातून नारळांचं अर्धं पोतं घेऊन आले. नवऱ्याने पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेपर वाचायला घेतला.

झालं होतं असं. पुण्यातली एक संस्था दरवर्षी राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातून एका स्वयंसेवकाला निवडून मोठा समारंभ करते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या निवड समितीवर गेले. मागच्या वर्षी एका जिल्ह्याचा पुरस्कार आम्ही ज्या गृहस्थांना दिला, त्यांचं काम त्यांच्या भावाचं निघालं. भाऊ समारंभात मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. तेव्हापासून ठरलं, की कागदावर विश्वास ठेवायचा नाही, जाऊन डोळ्यांनी बघायचं. जिल्हे वाटून घेतले. मी चहा आणायला उठले होते तेवढ्यात माझ्या वाट्याला बीड आला.

नावं तीन आली होती. गेवराईचं एक, धारूरचं एक, शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावातलं एक. आमच्या चिटणीसांनी ती याच क्रमाने लावली. म्हणजे वरून खाली जायचं, आणि मग तितकंच पुन्हा वर यायचं. नकाशावर त्यांना ते सोपं दिसलं असणार. नकाशात रस्त्याची खडी दिसत नाही.

गेवराई

दिवाळी नुकतीच उलटली होती. गेवराईच्या आसपास कापूस फुटलेला, शेताशेतात बायका वाकून वेचणीला लागलेल्या, आणि हायवेवर वाळूचे टिप्पर आमच्या गाडीला ढकलून पुढे जात होते. गाडी बीडची भाड्याची होती आणि चालक होते भागवत, पन्नाशीचे, कमी बोलणारे. गोदाकाठ बघायचा होता, पण वेळेवर पोहोचू म्हणून मी तो सोडला. वेळेवर पोहोचले हीच माझी पहिली चूक. तिथे कोणी माझी वाटच बघत नव्हतं. जो तो माझ्या सत्काराच्या तयारीत होता.

चौकात माझा बॅनर होता. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माझा फोटो त्यांनी उचलला होता. मुरुडच्या किनाऱ्यावर गॉगल लावून, हातात शहाळं धरलेला. त्याखाली 'ज्येष्ठ समाजसेविका यांचे सहर्ष स्वागत' आणि त्याखाली ओळीने हात जोडलेले, हात उंचावलेले, मोबाइल कानाला लावलेले शुभेच्छुक. मी जन्मात समाजसेवा केलेली नाही. मी कर्जप्रकरणं तपासत असे.

मग फेटा. बाईमाणसालाही आता फेटा बांधतात हे मला माहीत नव्हतं. फेटेवाल्याने माझं डोकं असं आवळलं, की ऐकायला येईना. शाल, नारळ, मूर्ती, पुन्हा दुसऱ्या मंडळाची शाल. आमच्या कोकणात पाहुण्याला दारातच 'कधी परत जाणार' असं विचारतात, आणि कोणाचं कौतुक करायचं झालं तर 'बरं आहे' म्हणतात, तेही तो माणूस नजरेआड झाल्यावर. त्यामुळे मला तोंड कुठे लपवावं कळेना.

ज्यांचं नाव आलं होतं ते तरुण गृहस्थ उन्हाळ्यात फुकट पाण्याचे टँकर पुरवतात, असं अर्जात होतं. टँकर मी पाहिला. त्यावर त्यांचं नाव आणि चेहरा इतका मोठा होता, की पाणी नेमकं कुठून सोडतात ते शोधावं लागलं. "निवडणूक हाय का जवळ?" असं मी त्यांच्याच भाषेत विचारून पाहिलं. ते म्हणाले, "म्याडम, सेवा ही सेवाच अस्ती. निवडणूक हाय, पन ती येगळी."

गाडीत बसल्यावर मी फेटा काढला. कपाळावर वळ उठला होता. भागवत आरशात बघून म्हणाले, "लई घट बांधला व्हय?" मी त्यांना गाडी चालवायला सांगितलं.

धारूर

धारूरचा घाट मात्र सुंदर. बालाघाटाच्या उतारावर सीताफळीची झाडं आणि वळणावळणावर पाट्या घेऊन बसलेल्या बायका. मी एकीकडून घेतली, गाडीतच रुमाल पसरून खाल्ली, आणि बिया कुठे टाकायच्या या विवंचनेत किल्ल्यापर्यंत पोहोचले. आंब्याच्या मुलखातल्या माणसाने दुसऱ्या फळाला बरं म्हणायचं नसतं. पण धारूरचं सीताफळ बरं आहे.

किल्ल्यातलं जुनं पाण्याचं टाकं साफ करणाऱ्या एका तरुणाचं नाव आलं होतं. तिथे पोहोचले तर दोन गट, दोन बाजूंना, दोन वेगवेगळे हार घेऊन उभे. आधी गट एकच होता. काम जोरात होतं, रविवारी सगळे मिळून गाळ उपसायचे. मग एका वर्तमानपत्रात बातमी आली, तिच्यात एकाचाच फोटो छापून आला, आणि त्या दिवसापासून दोन गट झाले. आता टाक्याच्या या पायऱ्या यांच्या आणि पलीकडच्या त्यांच्या. पाण्यावर हिरवा थर होता. तो कोणाच्या वाट्याचा यावर अजून एकमत झालेलं नव्हतं.

"मंग काम बंद कावून ठेवलं?" भागवतांनीच न राहवून विचारलं.

"त्येनी सुरू करू द्या, मंग आमी करतो," एक गट म्हणाला. दुसऱ्याचं उत्तर मी ऐकायला थांबले नाही. दोन्ही हार मात्र त्यांनी मला घातलेच.

दुपारी एका घरी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी जेवले. काळी, तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारी आमटी होती आणि मी दोनदा घेतली. जेवताना मनाशी हिशोब करत होते, की टँकर गेला, टाकं गेलं, आता राहिलं ते शिरूरचं एक नाव. तेही असंच निघालं तर पुण्यात सांगणार काय?

शिरूर कासारकडे

दुसऱ्या दिवशी उलटे वर निघालो. शिरूरकडे येताना जमीन फिकी होत जाते. सिंदफणेच्या कडेला तेवढी हिरवळ, बाकी माळ, बाभळी, तुरीची खुरटी शेतं. आणि रस्त्याने जागोजाग ऊसतोडीला निघालेले ट्रक दिसत होते. वर संसार भरलेला, भांडी, गोधड्या, सरपण, पाटीत झाकलेल्या कोंबड्या, त्यावर माणसं, आणि माणसांच्या मध्ये लेकरं. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात, आणि अशा कोयत्यांची मिळून एक टोळी होते. कोयते सहा महिने तिकडे राहतात आणि उसाच्या फडाच्या कडेला पालापाचोळ्याच्या कोपीत संसार मांडतात.

मी ज्या गावी निघाले होते त्याचं नाव इथे लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. नाव छापून येण्याने तिथे काय होतं ते मी बघून आले आहे.

तिथल्या कुशावर्ताबाईंचा अर्ज गावचे माजी सरपंच, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी भरून पाठवला होता. बाईंचा नवरा ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो, त्यामुळे त्यांना ऊसतोडीला जावं लागत नाही. जे जातात त्यांची शाळेतली लेकरं, जास्त करून मुली, या बाई आपल्या घरी ठेवून घेतात. जेवण, झोपणं, शाळा, आजारपण सगळं बघतात. लेकरू आईबापाबरोबर गेलं की शाळा सुटते, आणि मुलगी असली तर एक-दोन हंगामांत तिचं लग्न लावून देतात. असा अर्ज वाचून मी पुण्यात मनातल्या मनात निर्णय दिलाही होता.

गावात शिरताच बॅनर. या वेळी माझा नव्हता. 'राज्यस्तरीय पुरस्कार मिळाल्याबद्दल सौ. कुशावर्ताबाई यांचे हार्दिक अभिनंदन!' बाईंचा फोटो आधार कार्डावरचा असावा, घाबरलेला. त्याच्या दुप्पट मोठा तात्यांचा. आम्ही फक्त 'भेट देण्यास येत आहोत' असं कळवलं होतं. तात्यांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला.

"अहो, अजून काही ठरलेलं नाही," मी तात्यांना म्हणाले.

"म्याडम, पुण्याहून बाई तपासायला येती म्हंजी झालंच की ते," तात्या समाधानाने म्हणाले. "उद्या धा वाजता मारुतीच्या देवळाम्होरं कार्यक्रम ठिवलाय. दुपारी टोळी निघायची हाय ना, त्येच्या आदी. म्हंजी गर्दी बी व्हती."

माझं डोकं तिथेच ठणकायला लागलं होतं. पण खरा ताप पुढे होता.

कुशावर्ताबाईंच्या घरी गेले तर त्या चुलीपुढे एकट्या भाकऱ्या थापत होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, धुराने डोळे लाल झालेले. ओसरीवर पोरी ताटं घेऊन बसल्या होत्या. आधीच्या टोळीबरोबर यांचे आईबाप गेले होते. एक भाकरी तव्यावरून उतरली की चौघींत वाटून जायची आणि पुन्हा सगळ्यांचे डोळे तव्याकडे. मी म्हटलं, एवढ्यांचं तुम्ही एकट्याच करता? कमाल आहे.

त्या वर न बघता म्हणाल्या, "एकटी कवा करत व्हते? परवापासून करू लाले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हे काम कधीच एका बाईचं नव्हतं. घर तेवढं कुशावर्ताबाईंचं, कारण ओसरी मोठी. स्वयंपाकाला चार जणींची पाळी लावलेली. आज एकीची, उद्या दुसरीची. ज्वारी गावातून गोळा व्हायची. असं काही वर्षं बिनबोभाट चाललेलं. परवा बॅनर लागला. त्याच संध्याकाळी गयाबाईंची पाळी होती. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोघींनीही आपापल्या पाळीला येणार नाही म्हणून सांगितलं.

मी संतापले. तात्यांवर, बॅनरवर, आणि सगळ्यात जास्त त्या तिघींवर. लेकरांच्या भाकरीवर कोणी राग काढतं का? तशीच गयाबाईंच्या दारात गेले.

गयाबाई साठीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. मला बघून त्यांनी आधी पाट दिला, मग ताटली. ताटलीत हुलग्याचे शेंगोळे, लसणाची फोडणी, वर तेल. "खावा आदी," म्हणाल्या. मी बोलायला तोंड उघडलं की त्या वाढायच्या. शेंगोळे असे होते, की मी कशासाठी आले ते घासभर विसरले.

"तुम्ही पाळीला का जात नाही?" शेवटी विचारलंच.

"कशापायी जाऊ? जिचा फोटू लागलाय ती थापील की भाकरी."

"पण त्यात कुशावर्ताबाईंचा काय दोष?"

"न्हाई तिचा दोस. पन उद्या लोक म्हनत्याल, गया कुशीच्या हाताखाली सैपाक करती. आजपतोर मी कुनाच्या हाताखाली केला न्हाई. मपल्या मनानं करत व्हते." ताटलीत आणखी शेंगोळे पडले. "तुमच्या तिकडं चालत आसंल."

आमच्या तिकडे काय चालतं ते मला चांगलं माहीत आहे. गणपतीत मोदकांचं कौतुक एका जावेचं केलं की दुसरी पुढच्या वर्षी पाय दुखतो म्हणून येत नाही. त्यामुळे ताटलीतले शेंगोळे संपवले आणि उठले.

परतताना एका अंगणात एक बाई पोत्यात भांडी भरत होती. ही सुनीता. उद्या दुपारच्या टोळीत तिचा कोयता होता. तिची सातवीतली मुलगी, प्रतीक्षा, दप्तर मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती आणि आईला भांडी देत नव्हती. सहामाहीला वर्गात पहिली आली होती, असं तिने मी न विचारता सांगितलं.

"हिला नेताय?" मी सुनीताला विचारलं.

"मंग काय करू?" ती म्हणाली. "मागल्या साली ठिवली व्हती कुशाआक्काकडं, घोर नव्हता. पन आता तिथं एकटी आक्का. ती आजारी पडली, माहेरी गेली, तर पोरीला बगनार कोन? वयात आलेली पोर हाय, म्याडम. फडात निदान मपल्या डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल." मग पोत्यात पातेलं कोंबत म्हणाली, "मला बी हिच्यायेवढीच असताना नेलं व्हतं."

प्रतीक्षाने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला सहन झालं नाही. पुरस्कार मीच घेऊन आले होते ना.

फोन

मुक्कामाला तालुक्याच्या गावी जाण्याआधी मी गावाबाहेरच्या चढावर, जिथे मोबाइलला रेंज येते तिथे उभी राहून पुण्याला फोन लावला. अध्यक्षांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, चौघींना मिळून द्या.

"अहो, नियम काय आहे? जिल्ह्यातून एक व्यक्ती. मंचावर खुर्ची एक, स्मृतिचिन्ह एक. चौघींना दिलं तर उद्या प्रत्येक जण मंडळ घेऊन येईल."

"मग मंडळ येऊ दे."

"गटाला दिलं की गटात भांडणं होतात," अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले. मी फोन बंद केला. बंद करताना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारी बाभळीखाली उभे असलेले भागवत दोन पावलं लांब सरकले.

तेवढ्यात कुशावर्ताबाई चढ चढून येताना दिसल्या. कडेवर पाटी होती, सरपणाला निघाल्यासारखी. पण सरपण दुसऱ्या बाजूला होतं.

"म्याडम, एक काम हाय तुमच्याकडं. मला नापास करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"उद्या तात्याच्या कार्यक्रमात. समद्या गावादेखत. म्हना, हिचं काम बगितलं, बक्षिसाच्या लायकीचं न्हाई."

"पण तुम्हीच सांगा ना, की मला नको म्हणून. साधी गोष्ट आहे."

त्या हसल्या, पण माझ्या भाबडेपणाला हसल्या. "मी नगं म्हनले तर मी आनखी मोठी व्हईन. लोक म्हनत्याल, बगा, चालून आलेलं बक्षीस वापस केलं. मंग तर गया जलमात उंबरा चढायची न्हाई. तुमीच खाली पाडा मला. तुमी भाईरच्या हाव, तुमाला चालतंय."

मला काय चालतं ते त्यांनी परस्पर ठरवलं होतं. मी म्हटलं, हा खोटेपणा आहे, माझ्याने होणार नाही. शिवाय सगळ्या जिल्ह्यात एकच काम खरं सापडलं आणि त्यालाच नापास करायचं, म्हणजे मी इथवर आले कशाला? माझा आवाज चढला होता.

"त्ये मला काय म्हाईत, तुमी कशाला आल्या," कुशावर्ताबाई शांतपणे म्हणाल्या. "आल्या नसत्या तर बरं झालं आस्तं, पन आता आल्यात. ट्रक उद्या जाऊ लाला. परतीक्षा त्येच्यात बसली की मंग तुमी काय बी केलं तरी उपेग न्हाई."

आणि पाटी सावरून त्या उतरून गेल्या.

देवळासमोर

रात्री झोप लागली नाही हे सांगायला नको. सकाळी दहाचा कार्यक्रम अकराला सुरू झाला. देवळासमोर मंडप, मागे तो बॅनर, भोंग्यावर देशभक्तीची गाणी. ट्रक चावडीपाशी लागला होता आणि लोक सामान चढवता चढवता कार्यक्रमाला येत होते. आमची गाडी त्याच वाटेवर उभी होती. सुनीताचं पोतं ट्रकमध्ये चढलेलं मी पाहिलं. प्रतीक्षा वरच बसली होती, दप्तर पोटाशी धरून. गयाबाई बायकांत पुढेच बसल्या होत्या, तोंड दुसरीकडे करून. कुशावर्ताबाईंना तात्यांनी मंचावर खुर्चीत बसवलं होतं. त्यांच्याही डोक्याला फेटा बांधला होता.

माझी ओटी भरली, शाल दिली. मग मला बोलायला उभं केलं. आयुष्यात मी भाषण केलेलं नाही आणि खोटं भाषण तर मुळीच नाही. कुशावर्ताबाई खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "आमच्या समितीने इथलं काम पाहिलं. पुरस्कार जाहीर झालेला नव्हता, हा बॅनर चुकून लागला आहे. कुशावर्ताबाईंचं काम या पुरस्काराच्या योग्यतेचं आम्हाला वाटलेलं नाही."

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घरात चोरी केली आहे. तिथेच थांबायला हवं होतं. पण लोक नुसतेच बघत होते, गयाबाईंची मान अजून फिरलेली नव्हती. मला वाटलं एवढ्याने भागणार नाही. मग मी सगळा राग आणून बोलत सुटले. मुलींना अंथरुणं धड नाहीत. जेवणात रोज तेच ते. राज्यात इतर ठिकाणी लोक किती व्यवस्थित काम करतात, आणि इथे काय, तर हुलग्याचे शेंगोळे.

गयाबाईंची मान फिरली.

"ओ बाई," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. भोंगा नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "काय बोलू लाल्या तुमी?"

"जे पाहिलं ते बोलतेय."

"काल दोन ताटल्या वरपल्या तवा काय म्हनल्या व्हत्या? तवा ग्वाड लागले अन आज नावं ठिवता व्हय?" त्या उठल्या. "गावाला पानी हाय का भाजी लावायला? तुमी देनार हाव का? ह्या कुशीनं रातरातभर पोरींच्या उशाशी बसून ताप काडलेत. आमी चौघींनी बोटं भाजून घेतलीत त्या चुलीवर. कोन तुमी आमाला नापास करनाऱ्या? कुनी बलवलं व्हतं तुमाला?"

"त्या एकट्या आहेत," मी म्हणाले. "एकटीला हे झेपणार नाही. पोरी त्यांच्या आईबापांबरोबर गेलेल्याच बऱ्या."

"एकटी?" गयाबाईंनी पदर खोचला. "कोन म्हनतं एकटी हाय? आमी काय मेलो?"

पाठोपाठ पाळीतल्या आणखी दोन बाया उठल्या. त्यांची नावं मला शेवटपर्यंत कळली नाहीत, पण काय काय बोलल्या ते लक्षात राहील. माझ्या शहरी चपलांपासून माझ्या आईवडिलांच्या वळणापर्यंत काही सुटलं नाही. तात्या "शांत ऱ्हावा, शांत ऱ्हावा" म्हणत भोंगा सुरू करू लागले तर त्यांनाही झोडलं, आणि कोणीतरी जाऊन बॅनरची एक दोरी सोडली. तो तात्यांच्या फोटोच्या बाजूने खाली लोंबला. मला एवढ्या शिव्या एका जागी उभं राहून खाण्याची सवय नाही. रडू येत होतं. खरं सांगायचं तर थोडं आलंही.

गयाबाई मंडपातून तडक ट्रककडे गेल्या. फाळक्यापाशी उभ्या राहून त्यांनी वर हात केला.

"उतर गं परतीक्षा. सुने, पोर दी खाली."

"पन मावशी—" सुनीता म्हणाली.

"आज पाळी मपली हाय. उद्या हिची, परवा तिची. बाकी समदं ग्येलं बोंबलत! दी खाली."

सुनीताने कुशावर्ताबाईंकडे बघितलं. त्या मंचावरून उतरल्या होत्या आणि डोक्यावरचा फेटा काढून एका खुर्चीवर ठेवत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. सुनीताने पोरीच्या केसांवरून हात फिरवला, गालाला गाल लावला, आणि तिला दंडाला धरून खाली सोडलं. गयाबाईंनी झेललं. मग दप्तर आलं. मुलीने ते खांद्याला लावलं आणि आईकडे वर बघत उभी राहिली. सुनीता दुसरीकडे तोंड करून पोत्याची दोरी आवळत बसली.

मी खुर्च्यांमधून वाट काढत गाडीकडे आले. कुशावर्ताबाई माझ्यापासून हातभर अंतरावरून गेल्या. त्यांनी एकदा तरी माझ्याकडे बघावं, नुसती नजर तरी द्यावी, असं मला फार वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं, ते मला कळत होतं, तरी लागलं.

"ओ म्याडम," मागून गयाबाई ओरडल्या, "गाडी काडा की ती वाटंतून. टोळी निघायची हाय."

भागवतांनी गाडी बाभळीच्या कडेला मागे घेतली. काचेवर काटे घासले. ट्रक आमच्या शेजारून गेला, भांडी वाजत, कोंबड्या ओरडत, वर बसलेल्या बायका गावाकडे बघत. मी काच खाली करून वर बघितलं. सुनीता होती. तिच्या शेजारी गोधड्यांचं गाठोडं होतं. प्रतीक्षा नव्हती.